गार बशी

आप्पांच्या चॉकलेटच्या दुकानात मागच्या खोलीत एक खुर्ची होती. तिच्यावर थोरल्या सुनेखेरीज कोणी बसत नसे. दुकानात विकायला ठेवायची प्रत्येक वडी आधी तिच्या जिभेवर, मग कपाटात. आजारपणात आप्पांची चव गेली, तेव्हापासून अकरा वर्षं हा मान तिचा.

आणि परवा आप्पा सहज म्हणाले, "धाकटीलाही चवीतलं कळतं हं." एवढंच. पण थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी जाऊ घरात येऊन वर्ष झालं नव्हतं, आणि बाईसाहेबांनी स्वतःची मिल्क चॉकलेटची वडीसुद्धा बनवली होती. सांगितले होते कोणी हे उपद्व्याप?

नव्या वडीची निवड आज होती. तीन बशा: दुकानातल्या कारागिराची, थोरलीची, धाकटीची. कोणती कोणाची, हे कोणाला कळू द्यायचं नाही असा घरचा नियम. पण धाकटीच्या साच्याला ओरखडा होता, तो वडीच्या कडेवर उमटलाच. थोरलीने ती बशी तासभर आधी फ्रीजमध्ये सरकवली, वेळेवर काढली आणि वडीवरचं दव नीट टिपलं. गार चॉकलेट तोंडात मुकं होतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

आप्पा आले. सवयीप्रमाणे त्यांनी तिन्ही बशा स्वतःकडे ओढल्या, मांडल्या आणि म्हणाले, "आज आधी धाकटी सांगेल."

धाकटीने तुकडे मोडले, हुंगले, चावले.

"पहिल्यात नुसती साखर. कोको शोधावा लागतो. दुसरं छान, दूध आणि कोको दोन्ही कळतात, टाळूला मेणचट लागत नाही." तिसरा तुकडा खाल्ला आणि तिचा चेहरा पडला. "ह्याला चवच नाही. ओरखडा माझ्याच साच्याचा दिसतोय, पण खोटं कशाला सांगू? हे नको."

दुसरी बशी थोरलीची होती. हवं होतं तसंच सगळं झालं, तरी तिला गोड वाटेना. स्वतःच्या वडीला नको म्हणायचं आणि जावेच्या वडीला छान! हा चांगुलपणाही हिनेच मिरवावा?

आता तिची पाळी. तिसरा तुकडा तिने जिभेवर ठेवला आणि थांबली. अकरा वर्षांत चॉकलेट तिने कधी चावलं नव्हतं. तुकडा हळूहळू ऊब धरू लागला. आधी दूध आलं, मग कोको, मग मागून खरपूस वास. मेलीने दुधाची पावडर भाजून घातली होती! हे आपल्याला कसं नाही सुचलं? मत्सराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसरं म्हटलं असतं, तर विषय तिथेच संपला असता.

"तिसरं," ती म्हणाली. "गार होतं म्हणून चव लागली नाही. फ्रीजमध्ये मीच ठेवलं होतं."

"बशीला हात लागला तेव्हाच कळलं मला," आप्पा म्हणाले. "चव गेलीय माझी, बोटं शाबूत आहेत. तू काय सांगतेस, तेवढं बघत होतो."

"मग खुर्ची द्या तिला."

"दुसरं म्हणाली असतीस, तर दिली असती. बस तिथेच."

धाकटीने विचारलं, "पण ताई, मला का नाही कळलं?"

"चावलंस म्हणून. जिभेवर ठेवून थांबायचं असतं," थोरली म्हणाली, आणि हे सांगताना तिला जरा बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर, चांगलंच बरं वाटलं.

सोमवारपासून धाकटीची वडी कपाटात सगळ्यात पुढे लागली. रोज सकाळी ताज्या वडीचा पहिला तुकडा खुर्चीपाशी येतो. थोरली तो जिभेवर ठेवते, डोळे मिटते आणि मनात म्हणते, एकदा तरी बिघड गं बाई.

वडी काही बिघडत नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला म्हणावं लागतं, "चांगलं झालंय."