मधल्या बेअरिंगचं भोक

मित्रांनो, शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली गंजत पडलेलं हे जुनं इंजिन म्हणजे मी. आता मला कोणी हात लावत नाही, आणि लावून उपयोगही नाही. तरी माझी कहाणी ऐका, कारण माझा मालक नॉरिस ती कोणाला सांगणार नाही.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात एकोणीसशे त्रेपन्न साली मी तयार झालो. क्रँकशाफ्ट हा माझा कणा. तो तीन बेअरिंगांवर फिरतो, आणि प्रत्येक बेअरिंगला एक भोक असतं. त्यातून तेल आलं, तरच आम्ही जगतो. पुढे यॉर्कशरमधल्या पिकरिंग गावच्या नॉरिस हॅक्सबीने माझी मोटार घेतली. व्हिटबीच्या वाटेवर एक चढ आहे, तो संपला की एकदम समुद्र दिसतो. तिथेच त्याने एनिडला मागणी घातली. दर उन्हाळ्यात आम्ही तिघं तिथे जायचो. "काय गुणाचं इंजिन आहे!" म्हणत तो बॉनेटवर थाप मारायचा, आणि मी फुगून जायचो.

मग माझ्या पोटात ठकठक सुरू झाली. त्याच सुमारास नॉरिसची नजर जाऊ लागली. गाडी चालवायचा परवाना त्याने परत केला. हिवाळ्यापर्यंत उरलीसुरली दृष्टीही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. त्याला एकच हवं होतं. एनिडने मोटार चालवावी, आणि आपण शेजारी बसून त्या चढावरून समुद्र एकदा डोळे भरून बघावा.

त्याने स्वतःच मला खोललं. पुढचं आणि मागचं बेअरिंग चांगलं होतं, मधलं झिजलं होतं. यॉर्कशरचा माणूस चांगली वस्तू फेकेल तर शपथ! दोन जुनी त्याने तशीच ठेवली आणि मधल्या जागेसाठी डब्यात जपलेलं, नंतरच्या मॉडेलचं कोरं बेअरिंग काढलं. माप तेच, रुंदी तीच. फक्त तेलाचं भोक दुसऱ्या बाजूला होतं, माझ्यातल्या तेलाच्या वाटेसमोर येत नव्हतं.

एनिड चहा घेऊन आली. "दे इकडे, मी चष्मा लावून बघते."

"तू तुझं विणकाम बघ. जन्मभर इंजिनं बांधलीत मी. माझ्या अंगठ्याला डोळे आहेत."

"अंगठ्याला असतील रे, कपाळाखाली किती उरलेत ते सांग की!"

"तुझी लुडबुड दिसण्याइतके उरलेत."

ती हसली आणि कप ठेवून गेली. मी आतून आक्रोश करत होतो, पण इंजिनाला वाचा कुठली? त्याने बोल्ट आवळले.

रविवारी निघालो. तेलाच्या दाबाचा काटा शहाण्यासारखा जागेवर होता. मधल्या बेअरिंगला थेंबही मिळत नाही, हे त्याला काय ठाऊक! मी कसाबसा तग धरला. चढ अर्धा झाला, बेअरिंग वितळलं, क्रँक जखडला, आणि मी माझंच पोट फाडून घेतलं.

"पुढे काय दिसतंय गं?" नॉरिसने विचारलं.

"चढच," एनिड म्हणाली.

आता हिवाळा आहे. नॉरिसला काहीच दिसत नाही. परवा त्याने ते जळकं बेअरिंग हातात घेऊन अंगठा फिरवला. मग माझ्यातली तेलाची वाट चाचपली.

"एनिड, भोक इकडे होतं गं."

"मला दिसलं असतं रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नॉरिसने माझ्यावर पोतं ओढलं.

मित्रांनो, जुन्याला नवं जोडताना नीट निरखून बघा. आणि स्वतःला दिसत नसेल, तर तसं सांगा. कोणीतरी चष्मा घेऊन जवळच उभं असतं. आमचा अर्धा चढ राहिला. तो आता कधीच चढून होणार नाही.