बाबा, आलं! बाबा, गेलं!

“साहेब, टीव्हीतल्या मुंग्या आता कुठे राहायला जाणार?”

हा प्रश्न माझा नव्हता. चष्मिस आणि लंबू या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती. भर सभागृहात उभी राहून मी हे विचारलं, तर आठवडाभर माझं दप्तर त्या उचलणार. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. पण यंदा शाळेच्या नाटकात मला राक्षसाचं काम मिळालं आणि तेव्हापासून माझा आवाज जो बाहेर पडलाय, तो आत जायचं नावच घेत नाही. मी उठले आणि विचारून टाकलं.

सगळं सभागृह खिदळलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, मीच विरघळून मुंगी होईन. पण प्रसारण खात्याचे ते साहेब काही चिडले नाहीत. सोमवारी दुपारी बारा वाजता जुनं प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल सुरू होणार, हे समजावायला ते आले होते.

“मुंग्या येणारच नाहीत, बाळ,” ते म्हणाले. “अर्धवट चित्र हा प्रकारच संपला. आता एक तर लख्ख दिसेल, नाहीतर काहीच दिसणार नाही.”

टाळ्या पडल्या. मी राणीसारखी खाली बसले. उत्तर कानावर पडलं, पण लक्ष कोणाचं होतं? माझं तर नाहीच. (दप्तर त्यांनी दोनच दिवस उचललं. तो हिशेब बाकी आहे.)

खरं तर मी कान देऊन ऐकायला हवं होतं, कारण आमचं घर त्या मुंग्यांवरच चालायचं. बाबा म्हणजे ‘अँटेनावाले’. सगळं गाव त्यांना तसंच हाक मारतं. आई फोन घेते, पत्ता लिहून ठेवते. बाबा शिडी लावून गच्चीवर चढतात आणि अँटेनाचा दांडा फिरवतात. मी खाली टीव्हीसमोर, खिडकीत एक पाय ठेवून उभी.

“आलं का?”

“नाही!”

“आता?”

“थोडं आलं! मुंग्या आहेत अजून!”

“आता?”

“आलं, आलं, आलं!”

आणि इथेच बाबांची खासियत. दुसरा कोणी असता तर ‘आलं’ म्हटल्यावर खाली उतरला असता. बाबा दांडा अजून केसभर पुढे न्यायचे. मी ओरडायचे, “बाबा, गेलं!” मग ते केसभर मागे यायचे आणि तिथे पाना आवळायचे. “चांगलं कुठे होतं ते बिघडल्याशिवाय कळत नाही,” असं ते म्हणायचे. त्यांनी लावलेली अँटेना वादळातसुद्धा हलत नाही, म्हणून लोक त्यांनाच बोलवायचे.

सोमवारी बाराच्या ठोक्याला बातम्या देणाऱ्या बाई तोंड उघडं असतानाच गायब झाल्या. पाचव्या मिनिटाला आमचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. सगळ्यांनी डिजिटलसाठी लागणारा नवा बॉक्स आणून ठेवला होता, पण त्याचं करायचं काय ते कोणालाच माहीत नव्हतं. पोस्टमास्तर दोन हातांत दोन रिमोट घेऊन बसले होते आणि टीव्ही बंद केला की बॉक्स चालू करत होते. शिवणकामवाल्या काकूंनी बॉक्सवर धूळ बसू नये म्हणून जाड भरतकामाचं कापड टाकलं होतं आणि रिमोट चालत नाही म्हणून दुकानदाराला शिव्या घालत होत्या. मी शाळेतून आले की बाबा मला सायकलवर बसवून घरोघर न्यायचे.

पहिलं घर पोस्टमास्तरांचं. बाबा वर. मी खाली. पडद्यावर निळ्यावर पांढरी अक्षरं, ‘सिग्नल नाही’.

“आलं का?”

“नाही!”

“आता?”

“नाही!”

“थोडं तरी?”

“अजिबात नाही!” आणि तेवढ्यात धाडकन एक क्रिकेटपटू उभा राहिला. “आलं! बाबा, आलं! ... गेलं!”

“आलं की गेलं?”

“दोन्ही!”

अर्धा तास हेच. पोस्टमास्तर खुर्चीत बसून माझ्याकडे आणि छताकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी बाबा घामाघूम होऊन खाली आले. “तुझं लक्ष कुठे असतं गं? उशिरा ओरडतेस. मी पुढे गेल्यावर सांगतेस आलं म्हणून.”

“शप्पथ बाबा, दिसल्या दिसल्या ओरडले!”

“मग मी खोटं बोलतोय का?”

मला रडूच आलं. राक्षसाचा आवाज कुठे पळाला कोण जाणे. कारण खरंच, जेव्हा जेव्हा मी ‘आलं’ म्हणायचे, तेव्हा तेव्हा ते जायचंच. मला वाटायला लागलं, माझे डोळे बिघडलेत. मी चष्मिसचा चष्मासुद्धा लावून बघितला. तिचा नंबर एवढा आहे की टीव्हीच दिसेना.

बुधवारपर्यंत चार घरं झाली आणि चारही घरी निळा पडदा. कंपाउंडरकाकांकडे तर कहरच. बाबा हात टेकून शिडीवरून उतरायला लागले आणि अर्ध्या शिडीवर असताना चित्र आलं! कोणी काही हलवत नसताना! मी ओरडले, बाबा परत धावत वर गेले, दांड्याला हात लावला, केसभर पुढे. गेलं. कंपाउंडरकाका म्हणाले, “अँटेनावाले, तुम्ही खालीच उभे राहा बुवा, तुम्ही लांब असलात की येतं.” ते हसले. बाबा नाही हसले.

गुरुवारी स्वयंपाकघरातून आवाज आले. मी पाणी प्यायला उठले होते आणि दाराशीच थांबले.

“दादाचा परत फोन होता,” आई म्हणाली. दादा म्हणजे माझा मामा. त्याचं लांबच्या शहरात फर्निचरचं मोठं दुकान आहे. “गोदामावर बसायला भरवशाचा माणूस हवाय म्हणे. रविवारपर्यंत कळवायचंय.”

“सांग, येतो म्हणून.”

“अहो, जरा थांबा की. चारच तर घरं झालीत.”

“अगं, आधी खालून तुझा आवाज यायचा, मग हिचा. त्या आवाजावर मी वीस वर्षं काम केलं. आता काहीच ऐकू येत नाही मला. काम संपलं माझं.”

गोदाम! म्हणजे बाबा दिवसभर कपाटांच्या मध्ये खुर्चीवर बसणार? डोक्यावर पत्रा? आणि नवीन शाळा, जिथे मी राक्षस होते हे कोणालाच माहीत नाही? आणि हे सगळं माझ्या उशिरा ओरडण्यामुळे? पण मी उशिरा ओरडतच नव्हते ना! की ओरडत होते? डोक्याचा नुसता भुगा.

शनिवारी शिवणकामवाल्या काकूंकडे गेलो. बाबा म्हणाले होते, हे शेवटचं घर. कापड आधीच बॉक्सवरून काढलेलं. बाबा वर, मी खिडकीत. नाही, नाही, नाही. आणि मग वरून बाबांची चप्पल निसटली आणि धप्पकन अंगणात, काकूंच्या बादलीत.

“जरा चप्पल दे गं वर!” बाबा ओरडले.

मी पळत बाहेर गेले, चप्पल झटकली, शिडीवर दोन पायऱ्या चढून वर फेकली आणि परत आत आले. बघते तर पडद्यावर एक माणूस हवामान सांगतोय. इतका लख्ख, की त्याच्या भुवईचा केस न केस मोजावा.

“बाबा, आलं! हात लावू नका! बाबा, हात...”

गेलं. लावलाच हात. केसभर पुढे.

मी तशीच उभी राहिले. आणि मला ते प्रसारणवाले साहेब आठवले. एक तर लख्ख, नाहीतर काहीच नाही. मुंग्या येणारच नाहीत. म्हणजे ‘थोडं आलं’ असं मी आता कधीच म्हणू शकणार नव्हते. ठीक. पण मग मी चप्पल द्यायला गेले तेव्हा का आलं? शिडीवरून उतरताना का आलं?

“बाबा! आत्ता होतं तिथेच परत न्या. आणि दांडा सोडा!”

“सोडू?”

“सोडा हो! मी मोजते!”

एक, दोन, तीन. निळं. चार, पाच, सहा. निळं. काकू म्हणाल्या, “काय मोजतेस गं, आकाशातली विमानं?” सात, आठ. हवामानवाला परत हजर!

म्हणजे तो नवा डबा विचार करायला वेळ घेत होता! आठ मोजेपर्यंत तो गप्प बसायचा आणि मग चित्र दाखवायचा. तोवर बाबा कुठल्या कुठे पुढे गेलेले असायचे. मी उशिरा ओरडत नव्हते. बाबाही चुकत नव्हते. डबाच उशिरा बोलत होता!

“बाबा, आलं!” असं मी ओरडले आणि बाबांनी काय केलं? केसभर पुढे.

“बाबा!!!”

“अगं, हात आपोआप जातो!”

तीन वेळा झालं असं. शेवटी मी पोलिसासारखी ओरडले, “दोन्ही हात वर करा!” आणि माझे बाबा, वीस वर्षांपासूनचे अँटेनावाले, शेजारपाजारच्या खिडक्यांसमोर गच्चीवर हात वर करून उभे राहिले. समोरच्या गच्चीवरून एका आजोबांनी विचारलं, “काय हो, चोरी केलीत की काय?” पण चित्र राहिलं. बाबांनी डोळे मिटून पाना आवळला. काकूंनी आम्हाला चहा दिला आणि हवामानवाल्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बघितलं.

मला वाटलं, आता बाबा नाचतील. मी तर सायकलवर मागे बसून गाणं म्हणत होते. बाबा नुसते पायडल मारत होते.

“जमलं ना, बाबा?”

“जमलं.”

“मग?”

ते म्हणाले, “तू पूर्वी ‘थोडं’ म्हणायचीस ना, त्या थोड्यावर माझं सगळं काम असायचं. आता मधलं काही उरलंच नाही. हात वर करून कसलं काम करायचं?”

मला काहीच कळेना. चित्र आलं की माणूस खूश होतो, हा आमच्या घराचा नियम. चित्र आलं आणि बाबा खूश नाहीत, हे कुठल्या नियमात बसवायचं? आपण जिंकलो की हरलो? मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पाठीवरून काही कळत नाही. पण त्यांचे हात हँडलवर होते आणि उजवा अंगठा अजूनही केसभर पुढे, केसभर मागे हलत होता. सायकलला काही फिरवायचं नसताना.

घरी आलो तर आई दारातच उभी, हातात फोन. “दादा आहे. उद्याचं आजच विचारतोय. काय सांगू?”

बाबांनी चप्पल काढली. ओलीच होती अजून. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझा राक्षस परत आला.

“थांबा! मी बोलते. बाबांच्या हातांना वीस वर्षांची सवय आहे, ती जाणार नाही. माझ्या हातांना अजून कसलीच सवय नाही. आठ मोजेपर्यंत ते आरामात गप्प बसतात.”

“म्हणजे काय?” आई म्हणाली. “शिडीवर तू? अगं, परवा स्टुलावरून पडलीस!”

“स्टूल डुगडुगत होतं! आणि बाबा, चांगलं कुठे होतं ते बिघडल्याशिवाय कळत नाही, हे तुम्हीच म्हणता. मग मी आधी बिघडवणारच. अँटेना कुठल्या दिशेला लावायची, दांडा कसा आवळायचा, वाऱ्याने का हलत नाही, हे मला कुठे येतं? ते तुम्ही खिडकीतून ओरडून सांगायचं. माझ्याएवढ्या मोठ्याने.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. ते हसणार होते की रागावणार होते, मला आत्तासुद्धा सांगता येणार नाही. त्यांचा अंगठा मात्र थांबला होता.

“आई, मामाला सांग, बाबांना यायला जमणार नाही. उद्या सकाळी पोस्टमास्तरांकडे शिडी मी चढणार आहे.”