तिसऱ्यांदा विचारायचं

“बोललं जाईल तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. तू नळी आहेस, बाई. पाणी या टोकानं येतं, त्या टोकानं जातं. नळीनं चव घ्यायची नसते.”

दुभाष्याचं काम मला ज्यांनी शिकवलं, त्या गुरुजींचं हे वाक्य. त्यांना निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली, पण कुटुंब-साहाय्य केंद्राच्या बाईंबरोबर एखाद्या घराची घंटा वाजवली की ते माझ्या कानात हजर होतात. घरातली माणसं आपली, म्हणजे आपल्या भाषेतली. बाई या परक्या देशातल्या, इथली भाषा बोलणाऱ्या. मधे मी.

माझे रोजचे दोन नेम आहेत. सकाळचा जप होईपर्यंत बोलायचं नाही, आणि त्यानंतर दिवसभर खोटं बोलायचं नाही. पहिला सोपा आहे. दुसऱ्याचं या नोकरीत काही खरं नाही. कारण लोकांचं खोटं मला अगदी खरेपणानं पोचवावं लागतं, आणि त्याचा हिशेब वर कुठल्या खात्यात धरतात ते कुणी सांगत नाही.

एका आजी-आजोबांच्या घरी असंच झालं.

आजोबांची डावी बाजू गेल्या वर्षी लुळी पडली. जीभ मात्र शाबूत राहिली, थोडी जास्तच. मुलगा लांब पल्ल्याची मालगाडी चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. सून पहाटेच कारखान्यात जाते. दिवसभर आजोबांना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, सगळं आजींवर. आणि आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख एका बुधवारची मिळाली होती. ती चुकली की पुढची आठ महिन्यांनी. केंद्राकडून मदतनीस मिळाली तर आजी जाऊ शकणार होत्या. नाही तर नाही.

पण पहिल्या भेटीत आम्ही दार ढकललं तेव्हा यातलं काहीच दिसलं नाही. घर आरशासारखं लख्ख. आजोबा इस्त्रीचा शर्ट आणि कोट घालून खुर्चीत, मागे दोन उशा, फोटो काढायला बसवल्यासारखे. आणि आजी! त्यांनी परीक्षेचा अभ्यास केला होता.

“आजोबांना अंघोळ कोण घालतं?” बाईंनी फॉर्मवरून विचारलं.

“त्यांची तेच करतात.”

“तुम्हाला थकवा किती येतो? एक ते पाचमध्ये सांगा.”

आजींनी हळूच मला विचारलं, “चांगलं कुठलं गं?”

“सगळ्यात कमी म्हणजे एक,” मी सांगितलं.

“मग एक. शून्य नाही का?”

“मदतीला माणूस हवं का?”

“नको हो. कशाला उगीच तुम्हाला त्रास! सगळं छान चाललंय.”

माझ्या तोंडून ते ‘नको’ गेलं ते इतक्या हळू, की बाई म्हणाल्या, “जरा मोठ्यानं सांगा.” ही तक्रार माझ्याबद्दल शाळेपासून आहे. मी मोठ्यानं खोटं पोचवलं. बाईंनी ‘नको’वर खूण केली.

दुसऱ्या भेटीतही तेच. फक्त या वेळी आजी सगळ्या उत्तरांना आधीच मान डोलावत होत्या, पेपर फुटल्यासारख्या. बाईंनी निघताना सांगितलं, “आणखी एक भेट. तेव्हाही मदत नको असेल तर फाइल बंद.”

जिन्यात सुनेनं मला गाठलं. कारखान्यातून ती तशीच आली होती, डोक्याला रुमाल बांधलेला.

“ताई, परवा सासूबाई बाबांना उठवायला गेल्या आणि दोघं पडले. दोघं! मी आले तेव्हा जमिनीवर बसून भांडत होते, कुणाच्या चुकीनं पडलो म्हणून. तुम्ही का सांगत नाही बाईंना?”

“तू सांग ना.”

“सासूबाई समोर असताना? त्या ‘सगळं छान’ म्हणाल्यावर मी ‘नाही’ म्हणू? मग त्या घरात राहायचं कुणी, तुम्ही?”

“मला सांगता येत नाही गं. जे बोललं जाईल तेवढंच. मी नुसती नळी आहे.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मग ताई, नळी चोंदलीय,” म्हणाली आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जपात माझं लक्ष लागलं नाही. आजींचं तरी काय चुकत होतं? आल्या-गेल्यासमोर घरचं रडगाणं गायचं नाही, समोरच्यानं विचारल्याबरोबर हात पसरायचा नाही, हेच तर त्यांना आयुष्यभर शिकवलेलं. त्यांच्या लेखी बाई पाहुण्या होत्या. पाहुण्यांना कोणी आजाऱ्याची बादली दाखवतं का?

जप संपल्यावर मी कामाच्या नियमांची पुस्तिका काढली. अकराव्या पानावर बारीक अक्षरात होतं: प्रश्नाचा गैरसमज होत असेल तर दुभाषी रीतभात समजावून सांगू शकतो. मी पुस्तिका घेऊन बाईंच्या टेबलाशी गेले. कुणाचं घरचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “आमच्यात पहिलं ‘नको’ म्हणजे सभ्यपणा. दुसरं ‘नको’ म्हणजे, खरंच विचारताय का ते बघू. उत्तर येतं ते तिसऱ्यांदा.”

बाई सरळ स्वभावाच्या. त्यांनी डोळे मोठे केले, वही उघडली आणि ठळक अक्षरात लिहून घेतलं: तीनदा विचारणे.

इथं माझं चुकलं. काय तीनदा विचारायचं, ते मी सांगितलंच नाही.

तिसरी भेट ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी होती. बाईंनी बसल्या बसल्या सुरुवात केली. “कशा आहात?” आजी म्हणाल्या, “बरी आहे.” बाई हसल्या. “कशा आहात?” “बरी आहे की.” “कशा आहात?”

आजी माझ्याकडे वळल्या. “यांना ऐकायला कमी येतं का गं?”

“तुमचा पत्ता हाच ना?” बाईंनी तीनदा विचारलं. आजोबांची जन्मतारीख तीनदा विचारली. तिसऱ्या वेळी आजोबा कडाडले, “मी तीनदा जन्मलो नाही म्हणावं!”

“अहो, हळू,” आजी दबक्या आवाजात म्हणाल्या. “त्यांना आपला संशय आलाय. चोरासारखं उलटसुलट विचारतायत.”

मी घामाघूम. फॉर्मचं पान उलटत होतं, मदतीचा प्रश्न जवळ येत होता, आणि आजी आता घाबरून आणखीनच छान चाललंय असं सांगणार हे दिसत होतं.

तेवढ्यात आजोबा म्हणाले, “ए, मला जायचंय.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? बाजारात! मोरीत जायचंय.”

“बाई बसल्यात. जरा दम धरा.”

“तिला तीनदा विचारायला वेळ आहे, मी एकदाच सांगतोय.”

“आणि उठवू कशी मी? उठवताना पडलो तर त्यांच्यासमोर? परवाचं विसरलात?”

“परवा तू हात सोडलास!”

“सोडला नाही, दिसलाच नाही मला तुमचा हात! डोळ्यांपुढे सगळं दूध सांडल्यासारखं दिसतं, तुमचा हात कुठला आणि खुर्चीचा कुठला!”

असलं नवरा-बायकोचं आपसातलं मी दोन्ही भेटींत गाळलं होतं. हे काय सांगायचं, घरचं आहे, असं म्हणून. आणि आता गुरुजी कानात आले. एक शब्द जास्त नाही. बरं. पण पुढे काय म्हणाले होते? एक शब्द कमी नाही.

दोन भेटी मी कमी सांगत होते. सुनेनं बरोबर ओळखलं होतं.

मी बाईंकडे वळले आणि सांगायला लागले. मोरी, बाजार, परवाचं पडणं, सोडलेला हात, सांडलेलं दूध. ओळीनं, कानामात्रेसकट. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीही ‘मोठ्यानं’ म्हटलं नाही.

आजींना भाषा कळत नव्हती, पण सांगताना माझा हात मोरीकडे गेलेला त्यांना पुसटसा का होईना, दिसला. “अगं, अगं! ते कशाला सांगतेस? ते आमच्यातलं होतं!”

“आजी, तुम्ही बोललात ना. बोललेलं सगळं सांगायचं, असाच नियम आहे.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“चुकले,” मी म्हटलं. ते तर खरंच होतं.

बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला, अस्तन्या वर सारल्या आणि आजोबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. गुडघ्याला गुडघा लावला, काखेतून हात घातला आणि एका दमात त्यांना उभं केलं. आजोबांनी आश्चर्यानं “अरेच्चा!” म्हटलं. मी तेही सांगितलं.

“मोरीकडे नको!” आजी ओरडल्या.

पण बाईंनी तोवर कोपरानं मोरीची कडी सरकवली होती. आणि तीन भेटींतलं सगळं ‘छान’ बाहेर आलं. आधी चार पायांचं चालण्याचं स्टँड, मग रबरी चादर, ओल्या चादरींचं बोचकं, औषधांचा डबा, आणि शेवटी एक बादली, जी गडगडत थेट बाईंच्या बुटापाशी येऊन थांबली. घरात आमच्या येण्याआधी जे जे लपवायचं होतं ते सगळं तिथे कोंबलेलं होतं.

मला आता सांगायला काही उरलं नाही.

बाईंनी पायानं बादली सरकवली आणि आजोबांना आत नेलं.

आजी खुर्चीवर टेकल्या. पदरानं चष्मा पुसला, जरी त्यानं काही फरक पडत नव्हता. “गेली अब्रू,” म्हणाल्या. “नापास झालो ना गं?”

“आजी, ही परीक्षा नव्हती. सगळं छान सांगून पास होणाऱ्यालाच मदत मिळत नाही इथे.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “काय उलटा कारभार! हे आधी सांगायला काय झालं होतं?”

आजोबांना खुर्चीत बसवून बाई परत आल्या. ओल्या हातांनीच त्यांनी पेन उचललं. विचारलं, “मदतीला माणूस हवं का?”

“नको हो, कशाला त्रास,” आजींच्या तोंडून सवयीनं निघालं.

बाईंनी खूण केली नाही. थांबल्या. “हवं का?”

“नको तसं. म्हणजे जमतंय कसंबसं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं, आजींच्या जवळ स्टूल ओढलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी अगदी हळू, माझ्यासारखं.

आजींनी आजोबांकडे बघितलं. आजोबा कोटाचं वरचं बटण काढायच्या खटपटीत होते. “हो म्हण की,” ते म्हणाले. “त्या बाईनं उचललं तेव्हा वर्षात पहिल्यांदा पडायची भीती वाटली नाही. आणि हा कोट काढा कुणीतरी.”

“हवं,” आजी म्हणाल्या. “बुधवारपासून हवं.”

मी ते पोचवलं. चव घेतली की नाही, ते गुरुजींना सांगणार नाही.

निघताना आजींनी माझं मनगट धरलं. “ऑपरेशनला तिथला दुभाषी असेल म्हणे. पण मला माझी खात्री नाही गं. डॉक्टर विचारतील दुखतंय का, आणि मी म्हणेन, छे छे, मुळीच नाही. तू नुसती शेजारी बसायला ये. मी खोटं बोलले की खाकर.”

“माझं खाकरणं कुणाला ऐकू येतं, आजी!”

“मग सराव कर. वचन दे.”

मी दिलं.

बुधवारी जप नेहमीपेक्षा लवकर उरकला. केंद्रात रजा आधीच टाकली होती. गळ्यात घालायचं ओळखपत्र दाराशी खुंटीवर होतं. ते तिथंच राहू दिलं. चपला घातल्या. मग जिन्यात कुणी नाही असं बघून एकदा खाकरून पाहिलं. बरा आला आवाज. दार हलकेच ओढून घेतलं आणि इस्पितळाची वाट धरली.