लेसूटूची लिनेओ

लिनेओ वर्तकनगरात शुभदाताईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला आली, तेव्हा सोसायटीत तिची ओळख 'ती साउथ आफ्रिकेची मुलगी' अशीच झाली. सुरुवातीला ती प्रत्येकाला थांबवून सांगायची, "साउथ आफ्रिका नाही. लेसूटू." लोक मान डोलवायचे आणि लिफ्टचं दार लागलं की पुन्हा साउथ आफ्रिकाच म्हणायचे.

शुभदाताईंनी तिला शेवटी नकाशा उघडून समोर बसवलं. तिने दक्षिण आफ्रिकेच्या पोटात असलेल्या एका छोट्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "इंग्रजीत जसं लिहितात तसं वाचलं तर लेसोथो होतं. पण आम्ही म्हणतो लेसूटू."

"अगं, हा तर चहूबाजूंनी वेढलेला आहे," ताई म्हणाल्या.

"हो. समुद्र नाही. दुसरा शेजारीपण नाही. तरी देश आहे."

ते 'तरी' तिने अशा काही आवाजात म्हटलं, की ताईंनी त्यानंतर कधी चुकूनही दुसरं नाव घेतलं नाही.

भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ती ठाण्याच्या एका कॉलेजात फार्मसी शिकत होती. कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचा 'देशोदेशी' नावाचा कार्यक्रम दरवर्षी व्हायचा. प्रत्येक देशाला एक टेबल. तिथे झेंडा, कपडे, खाऊ, फोटो. पहिली दोन वर्षं लिनेओ दक्षिण आफ्रिकेच्या मुलांबरोबर त्यांच्याच टेबलापाशी उभी राहिली. मुलं चांगली होती, तिला सांभाळून घ्यायची. पण झेंडा त्यांचा होता.

तिसऱ्या वर्षी कार्यक्रम चार ऑक्टोबरला ठरला. तो लेसूटूचा स्वातंत्र्यदिन. लिनेओने कार्यक्रम बघणाऱ्या हेमांगी मॅडमकडे वेगळं टेबल मागितलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती जेवलीच नाही. ताईंनी भाताचं पातेलं पुन्हा झाकून ठेवलं आणि तिच्या खोलीत गेल्या.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"म्हणाल्या, तू एकटीच आहेस. आणि तुझा देश तसा त्यांच्या आतच आहे ना." लिनेओ खिडकीबाहेर बघत होती. "काकू, आत असणं म्हणजे त्यांचं असणं नाही."

"मी येते उद्या कॉलेजात. बोलते त्यांच्याशी."

"नको. मी बोलीन. तुम्ही फक्त बरोबर या."

दुसऱ्या दिवशी ताई मॅडमच्या केबिनमध्ये गप्प बसून राहिल्या. लिनेओ उभी होती. "मॅडम, टेबल नको. कुठली तरी भिंत द्या. मी भिंतीजवळ उभी राहते. पण दुसऱ्या झेंड्याखाली नाही राहणार."

हेमांगी मॅडम दुष्ट नव्हत्या, त्यांच्यामागे कामांचा रगाडा होता. त्यांनी क्षणभर विचार करून कॅन्टीनकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावरची भिंत दिली. "तिथे पंखा नाही हं," त्या म्हणाल्या.

"चालेल," लिनेओ म्हणाली.

शुभदाताईंचे यजमान विश्रामराव आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी पेन्सिलीला हात लावला नव्हता. त्यांनी हॉलमध्ये फरशीवर मोठा कागद अंथरला आणि गुडघे दुखत असताना त्यावर वाकून लेसूटू काढला. डोंगर, नद्या, धरणं. लिनेओ शेजारी बसून नावं सांगायची. शेजारच्या देशाला रंग कोणता द्यायचा असं तिने विचारलं, तर ते म्हणाले, "कोराच ठेवू या. आज त्यांचा दिवस नाही." ती खूप दिवसांनी मोकळेपणी हसली.

चार तारखेला ठाण्यात ऑक्टोबरची अशी काहिली होती की जिन्याचं रेलिंग हाताला चटकत होतं. लिनेओ तिच्या देशातलं जाड लोकरीचं ब्लँकेट खांद्यावर घेऊन, छातीशी पिन लावून उभी राहिली. कपाळावरून घाम ओघळत होता. मागे निळा, पांढरा, हिरवा झेंडा आणि त्याच्या मधोमध काळी टोकदार टोपी.

"अगं, काढून तरी ठेव ते," ताई म्हणाल्या.

"काकू, आमच्याकडे बर्फ पडतो. राजा पण हे घालतो आणि गुराखी पण. आज काढणार नाही."

आधी लोक नुसते बघत बघत कॅन्टीनकडे गेले. मग दोन मुलं ब्लँकेट बघून थांबली, त्यांच्यामागे आणखी काही. लिनेओने ताईंनी पाठ करून घेतलेलं मराठी सुरू केलं, आणि थोड्याच वेळात पाठ केलेलं विसरून स्वतःचं बोलू लागली.

"आमच्या देशातली सगळ्यात खोल जागा आहे ना, ती तुमच्या महाबळेश्वराएवढी उंच. म्हणजे आम्ही सगळे वरच राहतो."

मुलं हसली. तिने मग मोश्वेश्वे राजाची गोष्ट सांगितली. लढाया आणि दुष्काळ यांनी माणसं देशोधडीला लागली होती. त्याने त्यांना एका सपाट माथ्याच्या डोंगरावर जवळ केलं, वेगवेगळ्या कुळांची माणसं, आणि त्यांची एक जमात केली. शत्रू चढून आला, हरला, परत निघाला. तेव्हा राजाने त्यांच्यामागून गुरं पाठवली. म्हणाला, भुकेपायी आला असाल, हे घ्या आणि जा.

"म्हणजे गड होता," एकजण म्हणाला.

"हो. गड," लिनेओ म्हणाली. हा शब्द तिला फार आवडलेला दिसला. "तो गड पडला नाही, म्हणून आम्ही आहोत."

जिन्यावर आता वर जायला वाट उरली नव्हती. गर्दी कसली म्हणून हेमांगी मॅडमही येऊन उभ्या राहिल्या. लिनेओ नकाशातल्या धरणावर बोट ठेवून सांगत होती की तिचा देश लहान असला तरी शेजारचं मोठं जोहान्सबर्ग शहर त्याचंच पाणी पितं. डोंगराच्या पोटातून बोगदे काढून ते पाणी तिकडे जातं.

तेवढ्यात मागून एका बाईने विचारलं, "आणि तुमच्या गावाला येतं का ते पाणी?"

त्या मंजुळाबाई होत्या. लिनेओच्या वर्गातल्या प्रियांकाची आई, कल्याणहून मुलीच्या कॉलेजातला कार्यक्रम बघायला आलेल्या. प्रियांकाने त्यांचा हात दाबला, पण त्या पुढे म्हणाल्या, "चुकीचं नको समजू, बाळा. माझं माहेर शहापूरकडचं. धरणं आमच्याकडं, पाणी मुंबईला. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर. म्हणून विचारलं."

लिनेओ नकाशाकडे बघू लागली. ताईंना वाटलं, इतकं छान चाललं होतं, आता ही काय सांगणार? पण लिनेओने मान वर केली.

"नाही येत," ती म्हणाली. "माझी आजी धरणाजवळ राहते. ती झऱ्यावर जाते. आमचं सरकार पाण्याचे पैसे घेतं, त्यातून रस्ते झाले, दवाखाने झाले. पण आजीच्या घरात नळ नाही." ती थांबली. "हे मी सांगणार नव्हते. पण माझा देश आहे, तर हे पण माझंच आहे. मी शिकून परत जाणार आहे, ते त्यासाठीच."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंजुळाबाई गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांनी पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. शुभदाताईंना तिचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की स्वतःच्या लेकाच्या पदवीदानालाही तेवढा वाटला नव्हता.

गर्दी पांगल्यावर हेमांगी मॅडम म्हणाल्या, "लिनेओ, समारोपाला स्टेजवर बोलशील? झेंडाही घेऊन ये."

"कुठला देश म्हणून बोलावणार, मॅडम?"

"लेसूटू," मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर उच्चार करून.

दिवाळीच्या सुट्टीत मंजुळाबाई लिनेओला आणि प्रियांकाला एसटीने आपल्या माहेरी घेऊन गेल्या. शुभदाताईही हट्टाने बरोबर निघाल्या. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. मंजुळाबाईंची आई, गोदाआजी, काठीवर हनुवटी टेकून पाहुणीकडे बघत राहिली.

"कुठली म्हणायची ही पोर?"

"लेसूटूची, आजी," लिनेओ म्हणाली. "लांब आहे. लहान आहे. सगळे डोंगर."

"डोंगराकडची हाय तर," आजी म्हणाली, जणू एवढ्याने सगळं कळलं.

लिनेओने ओढणीची चुंबळ केली आणि भरलेला हंडा मागितला. बायका नको नको म्हणत होत्या, पाय घसरेल म्हणत होत्या. तिने हंडा डोक्यावर घेतला, दोन्ही हात मोकळे सोडले आणि मान ताठ ठेवून चढणीला लागली. बायका आपापले हंडे उचलून तिच्या मागोमाग निघाल्या. शुभदाताई सगळ्यांत मागे, धापा टाकत चालल्या होत्या. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला त्या थांबवून सांगत होत्या, "आमची लिनेओ. लेसूटूची."