पडला असता तर

"बेन, उद्या इन्स्पेक्टर साहेब विचारतील तेव्हा एवढंच बोलायचं, भटूभाई स्टूलवरून पडला. बस!"

पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीतल्या त्या खोलीत खाटेवर ऐसपैस बसून मिलचा सुपरवायझर चेतनभाई भटूच्या बायकोला, शोभाबाईला समजावत होता. शेजारी भटूचा भाऊ विकास मान डोलावत होता. त्याची नोकरी कापड रंगवायच्या त्याच डाइंग मिलमध्ये होती. भटू पडला म्हणजे चूक भटूची, करंटनं गेला म्हणजे मिलची, एवढा सरळ हिशेब होता.

भटूची मुलगी धनश्री दप्तरासकट दारात थबकली. बापाचं दहावं उरकून ती आजच बारावीच्या वर्गात परतली होती. सरांनी घासलेल्या कंगव्यानं कागदाचा कपटा उचलून दाखवला होता. सगळी पृथ्वी त्याला खाली ओढतेय, तरी एवढासा कंगवा जिंकतो, विजेच्या बळापुढे गुरुत्वाकर्षण म्हणजे काहीच नाही, असं ते म्हणाले. पोरं हसली होती. तिला मात्र तिथंच रडू फुटलं होतं.

आणि इथं हा माणूस तिच्या घरचा चहा पीत तिच्या आईकडून खोटं पाठ करून घेत होता! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"केवढं होतं स्टूल?"

"कमरेएवढं, बेटा. पण नशीब..."

"नशीब कसलं? पडले असते तर वाचले असते पप्पा! आईनं पाहिलंय, स्टूल कलंडलं, पाय लोंबत होते. खालून अख्खी पृथ्वी ओढत होती, तरी डोक्यावरच्या तुमच्या पाइपातल्या करंटनं त्यांची मूठ सोडली नाही. पाइपाला झटका बसतो, हे किती वेळा सांगितलं होतं त्यांनी तुम्हाला?"

"चूप बस!" विकास ओरडला. "माझी नोकरी घालवशील."

"काका, तुमचा भाऊ होता तो! लाज वाटू द्या."

विकासनं मान खाली घातली. त्या दिवशी भटूचा ओरडा ऐकून मिलच्या फोल्डिंग खात्यातून सगळ्यांत आधी धावत गेली होती ती तिथंच कामाला असलेली शोभाबाई. तिनं चेतनभाईच्या हातातला कप काढून घेतला.

"तो पडना नही," ती गावाकडच्या बोलीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसात इन्स्पेक्टरनं विचारलं, "कसा पडला, बाई?"

शोभाबाईनं उजवा हात डोक्यावर ताठ उचलला आणि मूठ आवळली. साहेब लिहायचे थांबले. चेतनभाई घसा खाकरत राहिला.

"कळलं, बाई. घ्या हात खाली."

तिनं घेतला नाही.