दोन ओरखडे

"काचच खराब होती," सर म्हणाले, आणि काचताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकोणीस वर्षं त्या या प्रयोगशाळेसाठी सच्छिद्र काच बनवत होत्या. आम्लात भिजवायची, धुवायची, भट्टीत तापवायची. तिची भोकं इतकी बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. त्यांत द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल, भरला की लेसर जितका प्रखर, तितकी काच त्याला जास्त वळवते, असं सरांचं म्हणणं. सरांनी मोजलेल्या तुकड्यानं तर विक्रमी आकडा देऊन कमालच केली होती. शोधनिबंध छापून आला, सत्कार झाला. काचताईंचं नाव तळटीपेतही नव्हतं. तेव्हा त्यांनी ब्रही काढला नव्हता.

पण दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच आकडा काही केल्या मिळेना, म्हणून तिथल्या मॅडम पडताळणीला आल्या. आणि खापर फुटलं ते थेट काचताईंच्या डोक्यावर! नाचता येईना, अंगण वाकडं. हा शेरा अहवालात गेला, की भट्टी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार, हे उघड होतं.

"तो तुकडा दाखवा," काचताई म्हणाल्या.

"त्याची काही गरज नाही."

"मला बघायचाय," मॅडम म्हणाल्या.

सरांनी कपाटातून डबी काढली. तुकडा तेव्हा त्यांनीच घाईघाईत ट्रेमधून उचलला होता, 'भरलेला' अशी चिठ्ठीही स्वतःच लावली होती. काचताईंनी तो चिमट्यानं भिंगाखाली धरला. भरलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर त्या हिऱ्याच्या लेखणीनं एक ओरखडा काढायच्या, रिकाम्यावर दोन. रिकामा आधी मोजायचा, म्हणजे नुसत्या काचेचा वाटा कळतो. हा दंडक सगळे पाळायचे. एक सर सोडून.

कोपऱ्यावर दोन ओरखडे होते.

"म्हणजे यात द्रवस्फटिक नाहीच?" मॅडम भिंगावरून मान वर करत म्हणाल्या.

"थेंबभरही नाही. भोकांत काजळी राहिलीय, ती लेसरनं तापते आणि प्रकाश वळवते. या खेपेला काजळी आहे, रिकामा आधी मोजा, असं मी वहीत लिहून दिलं होतं."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मग तोंडानं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, 'रिकाम्यात काय बघायचंय? तुम्ही तुमची भट्टी सांभाळा.'"

त्यांनी तुकडा मॅडमच्या हातात दिला.

"ती मी सांभाळली."