आईला विचारून या

वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या ताईला सगळे साखरताई म्हणत. समोरचा शिव्यांची लाखोली वाहो, हिचं आपलं "हो सर, बघते सर" सुरूच. अकरा वर्षं तिने लोकांचं ऐकून घेतलं आणि मुकाट गिळलं. गिळलेलं कुठेतरी निघणारच की! आधी पित्त झालं, मग मान आखडली, मग ओळखीची नावं आठवेनात. चमचा पडला तरी छातीत धस्स होई. आता डावी दाढ ठणकत होती.

दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं.

"कीड नाही. दाढा घासून सपाट झाल्यात, एकीला चीर गेलीय. झोपेत दात खात असाल तुम्ही."

"मी?"

"ताण असला की होतं असं. घरी कोण असतं?"

"आई."

"मग आईला विचारून या. खात असाल तर झोपताना दातांवर लावायची पट्टी करू, पट्टीशिवाय दाढ काही वाचत नाही."

जिना उतरताना ताईला हसूच आलं. आईला कानात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नसे. दोघींच्या खाटांमध्ये हातभर अंतर, पण ताईने रात्रभर ढोल बडवले असते तरी म्हातारीने कूस बदलली नसती. दाढ गेली तर गेली. पण आपण कशा झोपतो हे सांगणारं एक माणूस जगात नसावं, याचं तिला इतकं वाईट वाटलं की भररस्त्यात रडू फुटायचं बाकी राहिलं.

तरी घरी जाऊन तिने विचारलंच. "आई, मी झोपेत दात खाते का गं?"

"हाताला काय झालं?"

"दात! दात!"

आईने भाजी निवडणं थांबवलं. "ते मला काय ऐकू येणार? पण तोंड हलतं तुझं. पहाटे जाग आली की बघत पडते मी."

"मग कधी बोलली नाहीस ते!"

"त्यात काय बोलायचं? घरी आलीस की तू गप्पच असतेस. मला वाटलं, स्वप्नात बोलतेस कोणाशी तरी. म्हटलं, बरंय बाई, हिला कोणीतरी आहे." आई जवळ सरकली. "कोण असतं गं?"

ताईच्या जबड्यातून कळ गेली.

"मैत्रीण!"

"काय?"

"मैत्रीण आहे एक!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारीण खिडकीतून डोकावली.

"चांगली आहे ना?"

"हो," ताई ओरडली. "खूप चांगली आहे!"